सुचण्याच्या अलीकडे

पेटंटच्या दाव्यात एक वाक्य हटकून येतं. कधी उलटतपासणीत, कधी युक्तिवादात, कधी जेवणाच्या सुट्टीत कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये. 'यात एवढं विशेष काय? हे तर कुणालाही सुचलं असतं.' ऐकायला साधं वाक्य, पण कायद्यात त्याला मोठं वजन आहे. त्या कामातल्या जाणकाराला जे सहज सुचलं असतं, त्यावर पेटंट मिळत नाही. मिळालं असेल तर ते रद्द होऊ शकतं. पेटंट ऑफिसने मंजुरी दिली म्हणजे पेटंट पक्कं झालं असं मुळीच नाही, हे आपल्या १९७०च्या कायद्याच्या तेराव्या कलमातच लिहिलेलं आहे. खरी परीक्षा कोर्टात होते, आणि तिथे पुष्कळदा सगळा दावा या एका वाक्यावर येऊन ठेपतो.

अडचण अशी, की हा प्रश्न विचारला जातो तेव्हा उत्तर सगळ्यांच्या समोर असतं. दिवा लागलेला असतो, इंजिन धावत असतं, गोळी औषधाच्या दुकानात मिळत असते. आणि न्यायाधीशाने मात्र हे सगळं बाजूला ठेवून त्या अर्जाच्या तारखेच्या आदल्या दिवशी जाऊन उभं राहायचं असतं. त्या दिवशी लोकांना काय ठाऊक होतं, कुठे अडलं होतं, कुठल्या वाटा बंद वाटत होत्या? एखादी गोष्ट कळली की ती कळण्याआधीचं मन आपल्याला परत सापडत नाही. पेटंटच्या वकिलाला आयुष्यभर त्या हरवलेल्या मनाचा शोध घ्यावा लागतो. मी इंजिनिअरिंग करून वकिलीत आले, उमेदीची सगळी वर्षं याच कामात गेली, आणि आजही मला त्यातलं सर्वांत अवघड वाटतं ते हेच.

या पेशातला माझा आदर्श शंभर वर्षांपूर्वी वारलेला एक इंग्रज वकील आहे. जॉन फ्लेचर मोल्टन. जन्म १८४४चा, वडील मेथॉडिस्ट धर्मोपदेशक. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकून १८६८ साली तो सीनियर रँग्लर झाला. मराठी माणसाला हा किताब अनोळखी नाही. पुढे १८९९ मध्ये त्याच सेंट जॉन्स कॉलेजातून आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले आणि महाराष्ट्राने त्यांना कायमचं 'रँग्लर परांजपे' करून टाकलं. परांजपे परत येऊन फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. मोल्टनने गणित सोडलं आणि वकिली धरली. १८७४ मध्ये सनद घेतली, १८८५ मध्ये क्वीन्स कौन्सेल झाला.

पण विज्ञान त्याने सोडलं नाही. वकिली करता करता विल्यम स्पॉटिसवुड यांच्याबरोबर त्याने विरळ वायूंतून होणाऱ्या विद्युत विसर्जनावर प्रयोग केले, आणि १८८० साली रॉयल सोसायटीचा फेलो निवडला गेला. दिवसभर कोर्टात उभं राहणारा माणूस काचेच्या नळ्यांतला प्रकाश अभ्यासत बसायचा, हे मला फार मोलाचं वाटतं. निसर्ग सहजासहजी उत्तर देत नाही, याचा अनुभव त्याने स्वतःच्या हाताने घेतला होता. शोधाच्या आधीचा काळोख ज्याने पाहिला आहे, त्यालाच शोधाचं मोल नीट सांगता येतं.

काळही तसाच होता. १८८३च्या ब्रिटिश कायद्याने पेटंटची सुरुवातीची फी पंचवीस पौंडांवरून चार पौंडांवर आणली आणि एका वर्षात अर्ज जवळपास तिपटीवर गेले. विजेचे दिवे, टेलिफोन, कोळशाच्या डांबरातून निघणारे रंग, सायकलचे टायर, बिनधुराची दारू. हे सगळं कोर्टाच्या दारात येऊ लागलं. वकिलाला या महिन्यात रसायन शिकायचं, पुढच्या महिन्यात यंत्र. आजही तसंच आहे. एका दाव्यासाठी मी डिझेल इंजिनातल्या ज्वलनाचा अभ्यास केला, दुसऱ्यासाठी औषधाच्या स्फटिकांचा. दावा संपला की ते ज्ञान हळूहळू ओसरतं. राहतो तो एवढाच विश्वास, की नीट विचारलं तर कुठलाही जाणकार माणूस आपलं काम आपल्याला समजावून देतो.

पेटंटच्या कागदाचे मुख्य भाग दोन. एकात शोध कसा वापरायचा याचं वर्णन, दुसऱ्यात क्लेम. वर्णन जगासाठी असतं. ते वाचून मुदत संपल्यावर कुणीही ती वस्तू बनवू शकला पाहिजे. क्लेम म्हणजे शेताचा बांध. माझं कुठवर, आणि शेजाऱ्याचं कुठून सुरू होतं, ते तो सांगतो. या दोन भागांची कामं वेगळी आहेत, हे पुढे न्यायाधीश झाल्यावर मोल्टनने १९०८च्या एका निकालात इतक्या स्पष्टपणे मांडलं, की या विषयाचा अभ्यास करणारा आजही त्या निकालापाशी थांबतो.

बांध एका शब्दाने सरकतो, याचं मोठं उदाहरण त्याच्याच काळातलं आहे. आल्फ्रेड नोबेलने १८८८ साली 'बॅलिस्टाइट' या बिनधुराच्या दारूचं ब्रिटिश पेटंट घेतलं. क्लेममध्ये त्याने लिहिलं की यातलं नायट्रोसेल्युलोज 'विरघळणाऱ्या' प्रकारचं असेल. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्युअर या शास्त्रज्ञांनी न विरघळणारा प्रकार वापरून 'कॉर्डाइट' बनवलं, आणि ब्रिटिश सरकारने तेच स्वीकारलं. नोबेलच्या कंपनीचा दावा १८९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन फेटाळला गेला. अपिलातल्या एका न्यायमूर्तींना नोबेलविषयी मनापासून सहानुभूती वाटली. राक्षसाच्या पाठीवर चढलेल्या बुटक्याला राक्षसापेक्षा दूरचं दिसतं, अशा अर्थाचं ते बोलले. पण क्लेममधला शब्द त्यांनाही ओलांडता आला नाही. पेटंटचा कागद लिहिणाऱ्याच्या हातात केवढं काही असतं, हे या प्रकरणातून शिकावं.

मोल्टन १९०६ मध्ये अपील कोर्टात न्यायाधीश झाला. १९१० साली ब्रिटिश वेस्टिंगहाउस विरुद्ध ब्राउलिक या प्रकरणात त्याने जे लिहिलं, ते मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीचं सार वाटतं. थोडक्यात त्याचं म्हणणं असं : एखादी नवी जुळणी यशस्वी ठरल्यावर, जुन्या कुठल्यातरी गोष्टीपासून सुरुवात करून, सोप्या दिसणाऱ्या पायऱ्या एकामागून एक मांडत तिथवर पोहोचता येतं हे दाखवणं कधीच अवघड नसतं. अशा युक्तिवादाकडे मी संशयाने पाहतो. घडून गेल्यानंतर केलेली ही फोड संशोधकांवर अन्याय करते, आणि इंग्लंडच्या कायद्याला ती मान्य नाही.

तीसेक वर्षं दोन्ही बाजूंनी लढलेला वकील हे लिहितो आहे. तशा पायऱ्या त्यानेही मांडल्या असणार. प्रतिवादीच्या वकिलाचं ते कर्तव्यच असतं. न्यायासनावर बसल्यावर त्या पायऱ्यांची किंमत त्याला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

अशा पायऱ्या डोळ्यांसमोर कोसळताना मी एकदा पाहिल्या आहेत. मी तेव्हा ज्युनियर होते. आमचा अशील भोसरीचा एक छोटा कारखानदार, मूळचा फिटर. वेड्यावाकड्या आकाराचं कास्टिंग ड्रिलिंगसाठी पकडून ठेवणारं फिक्स्चर त्याने बनवलं होतं. कास्टिंग ठेवलं की ते आपोआप सरळ बसायचं. साक्षीपुरावा फोर्टमधल्या एका खोलीत कोर्ट कमिशनरपुढे चालला होता. प्रतिवादींचे तज्ज्ञ साक्षीदार एक प्राध्यापक, विद्वान आणि सरळ मनाचे. त्यांनी प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं की हे फिक्स्चर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचेल. व्ही-ब्लॉक, टॉगल क्लॅम्प आणि स्प्रिंग, तिन्ही जुन्याच वस्तू.

आमच्या सीनियरांनी या तिन्ही वस्तू बाजारातून आणवल्या आणि टेबलावर मांडल्या. पेटंटची आकृती तिथेच, प्राध्यापकांच्या कोपरापाशी उघडी होती. ती त्यांनी मुद्दामच हलवली नाही.

"सर, या तिन्ही वस्तू त्या तारखेआधी मिळत होत्या?"

"मिळत होत्या."

"मग जोडून दाखवा. प्रत्येक पायरीला कारण सांगा."

ब्लॉक ठेवला गेला, कारण सांगितलं गेलं. क्लॅम्प कुठे येईल, तेही त्यांनी नीट सांगितलं. मग त्यांनी स्प्रिंग हातात घेतली आणि त्यांची नजर क्षणभर डावीकडे गेली.

"सर, आत्ता आपण कुठे पाहिलंत?"

खोलीत कुणी बोललं नाही. कमिशनरांनी टंकलेखकाला नोंद सांगितली : उत्तर देण्यापूर्वी साक्षीदाराने पेटंटच्या आकृतीकडे पाहिलं. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, आणि स्वच्छ सांगितलं, "ही आकृती नसती तर मी स्प्रिंग क्लॅम्पच्या बाजूला लावली असती. ब्लॉकच्या खाली लावायचं मला सुचलं नसतं."

सीनियरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. "आभारी आहे, सर," म्हणून ते खाली बसले. जिथे थांबायचं तिथे थांबणं, हेही मी त्याच दिवशी शिकले.

आमच्या अशिलाने त्याच्या साक्षीच्या वेळी एक गोणपाटाची पिशवी आणली होती. तिच्यात त्याचे फसलेले प्रयोग होते. क्लॅम्पच्या बाजूला स्प्रिंग लावलेले तुकडे त्यात होतेच. काहींच्या स्प्रिंगा वाकलेल्या, एका ब्लॉकची कड झिजून गोल झालेली. एकेक तुकडा उचलून तो सांगत होता की हा का फसला. पेटंटच्या कागदावर शेवटची बरोबर आकृती तेवढी येते. शोधाचा खरा इतिहास त्या पिशवीत होता. पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटलं, पण तेव्हापासून कुठल्याही अशिलाला मी पहिल्या भेटीत सांगते : फसलेलं काही फेकून दिलं असेल तर सांगा, आणि ठेवलं असेल तर घेऊन या.

मात्र 'कुणालाही सुचलं असतं' हे वाक्य काही वेळा अगदी खरं असतं, आणि तेव्हा ते तितक्याच निष्ठेने मांडावं लागतं. आपल्याकडे या विषयातला पायाचा निकाल भांड्यांवरून झाला आहे. मिर्झापूर हे पितळी भांड्यांचं गाव. तिथे उथळ ताटल्या चरकावर फिरवून घासायच्या, तर त्या एका बाजूनेच धरलेल्या असत. कधी डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून, कधी चकमध्ये पकडून. फिरता फिरता भांडं उडायचं आणि कारागिराला इजा व्हायची. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजने दुसऱ्या बाजूने दाब देऊन भांडं पक्कं धरणारी रचना केली आणि १९५१च्या तारखेचं पेटंट मिळवलं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीने ते आव्हानित केलं. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केलं, खंडपीठाने ते पुन्हा उभं केलं, आणि अखेर डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच ठरवलं. न्या. रणजितसिंग सरकारिया यांच्या निकालाचा आशय असा, की लेथला दुसऱ्या टोकाने आधार देण्याची युक्ती आधीपासून वापरात होती. तिच्यात केलेला हा बदल कारखान्यातल्या रोजच्या सुधारणेपलीकडे जात नाही.

त्या निकालातली कसोटी आजही आम्ही रोज वापरतो. ज्याला पेटंटमधला शोध ठाऊक नाही, पण अडचण ठाऊक आहे, अशा कसबी माणसाच्या हातात जुनी माहिती दिली असती, तर 'मला हवं ते मिळालं' असं तो म्हणाला असता का? मोल्टनने दिलेला इशारा आणि सरकारियांनी लावलेली कसोटी यांत मला विरोध दिसत नाही. दोघेही आपल्याला त्याच तारखेच्या अलीकडे नेऊन उभं करतात. तिथून मागे पाहिलं की कधी भोसरीच्या फिटरला न्याय मिळतो, कधी मिर्झापूरच्या उरलेल्या सगळ्या कारागिरांना. जे सगळ्यांचं आहे त्यावर एकाने बांध घालू नये, ही काळजीसुद्धा पेटंटच्या कायद्याचीच आहे.

पण तिथे उभं राहायला वेळ लागतो, आणि आपल्याकडे नेमकी तिथेच गाडी अडते. मिर्झापूरचं पेटंट १९५१चं आणि शेवटचा निकाल १९७८चा. त्या काळी पेटंटची मुदत सोळा वर्षांची होती. निकाल लागला तेव्हा भांडायला प्रत्यक्षात काही उरलं नव्हतं. पुण्याच्या बजाज ऑटोचा दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाबद्दलचा टीव्हीएसविरुद्धचा दावा मद्रास उच्च न्यायालयात तात्पुरत्या मनाई हुकमावरच वर-खाली होत राहिला. २००८ मध्ये मनाई मिळाली, २००९ मध्ये उठली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये खेदाने म्हटलं की आपल्याकडे असे दावे वर्षानुवर्षं तात्पुरत्या हुकमाभोवतीच फिरतात. यापुढे ते रोजच्या रोज चालवून चार महिन्यांत संपवावेत. त्या दोन कंपन्यांनी आपला वाद अखेर २०१९ मध्ये आपसात मिटवला. कर्करोगावरच्या एर्लोटिनिबसाठी रोशने सिप्लावर केलेला दावा २००८चा. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नोव्हेंबर २०१५ मध्ये रोशच्या पेटंटचा भंग झाल्याचं मान्य केलं, पण मनाई दिली नाही, कारण पेटंट चारेक महिन्यांत, मार्च २०१६ मध्ये संपतच होतं.

मला यातलं दुःख वाटतं ते असं. तात्पुरत्या हुकमाच्या टप्प्यावर प्रतिज्ञापत्रं असतात, साक्षीदार नसतो. टेबलावर वस्तू मांडल्या जात नाहीत, गोणपाटाची पिशवी उघडत नाही, कुणाची नजर आकृतीकडे वळल्याची नोंद होत नाही. कागदावर प्रत्येक पायरी सोपीच दिसते. पेटंटच्या दाव्यात सत्य कुठे सापडत असेल, तर ते उलटतपासणीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बौद्धिक संपदेचा वेगळा विभाग सुरू केला आणि पुढच्या वर्षी पेटंट दाव्यांचे स्वतंत्र नियम केले. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून प्रश्न विचारण्याची सोयही त्यांत आहे. हे पाऊल मला मनापासून हवंसं वाटतं. देशभरातल्या उच्च न्यायालयांत अशी व्यवस्था उभी राहायला हवी.

मोल्टनच्या आयुष्याला शेवटी एक वेगळंच वळण मिळालं. नोव्हेंबर १९१४ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ब्रिटनच्या स्फोटकांच्या उत्पादनाची जबाबदारी त्याच्यावर आली. टीएनटीसाठी लागणारं टोल्युइन तेव्हा कोळशाच्या डांबरातून मिळे आणि ते कधीच पुरणार नव्हतं. त्याने टीएनटीमध्ये अमोनियम नायट्रेट मिसळलेल्या अमॅटॉलचा आग्रह धरला आणि सैन्याचा सुरुवातीचा विरोध मोडून काढला. आयुष्यभर रसायनशास्त्रज्ञांना प्रश्न विचारलेल्या माणसाला, त्यांच्याकडून काय मागता येईल हे नेमकं ठाऊक होतं. स्फोटकांच्या त्या कामाचा अभिमान बाळगणं मला जमत नाही. पण राष्ट्राला ज्ञानी माणसाशी बोलू शकणारा माणूस हवा होता आणि तो वकिलांत सापडला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

१९२१ मध्ये तो गेला. तीन वर्षांनी 'अटलांटिक मंथली'त त्याचं 'लॉ अँड मॅनर्स' हे भाषण छापून आलं. माणसाच्या वागण्याचे त्यात त्याने तीन प्रदेश सांगितले. एका टोकाला कायदा, जिथे सक्ती आहे. दुसऱ्या टोकाला पूर्ण स्वातंत्र्य, जिथे मनाला येईल ते करावं. आणि मधे एक मोठा प्रदेश, जिथे सक्ती कुणीच करू शकत नाही, तरी माणूस स्वतःहून काही गोष्टी पाळतो. समाजाचा मोठेपणा या मधल्या प्रदेशाच्या विस्तारावरून मोजावा, असं त्याचं सांगणं होतं.

जन्मभर बांधांवरून भांडलेल्या वकिलाने अखेरीस बांधांच्या पलीकडचं हे सांगावं, याचं मला नवल वाटत नाही. कारण आमच्या पेशाचा गाभाच त्या मधल्या प्रदेशात आहे. निकाल देताना उत्तराकडे पाहू नका, असं न्यायाधीशाला सांगता येतं. त्याने पाहिलं की नाही हे कुणी तपासू शकत नाही. आकृतीशिवाय मला सुचलं नसतं, हे कबूल करायला त्या प्राध्यापकांना कुठलाही कायदा भाग पाडू शकला नसता. ते त्यांनी स्वतः पाळलं.

म्हणून माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी एक शिस्त लावते. पेटंट आधी उघडायचं नाही. त्या तारखेपर्यंतची जुनी कागदपत्रं वाचायची, अडचण समजून घ्यायची, कारखान्यात जाऊन ते काम करणाऱ्याशी बोलायचं, आणि आपल्याला काय सुचतं ते तारीख घालून कागदावर लिहायचं. मग पेटंट वाचायचं. आपलं उत्तर त्याच्याशी जुळलं तर प्रतिवादीची बाजू बळकट आहे. जुळलं नाही तर संशोधकाची. यावर दावा जिंकला जात नाही, पण आपण ज्या बाजूने उभे आहोत ती बाजू किती खरी आहे हे आपल्याला कळतं. ही शिस्त पाळली की नाही, हे मी कधी तपासत नाही. तपासता येणारही नाही. जी मुलं ती मनापासून पाळतात, तीच या कामात टिकतात, आणि दुसऱ्याच्या सुचण्याला योग्य तो मान देणं त्यांनाच जमतं.